डमडमचा लोटा

१८५७ ची काडतुसं शाळेत आपल्याकडून घोकून घेतात. गाय, डुक्कर, बाटलेला धर्म. पण दोस्तांनो, बंदुकीला चरबी लागते कशाला, हे कुणी सांगत नाही. एनफील्ड रायफल तोंडाकडून ठासायची. नळीत आतून पीळदार खाचा. काही बार झाले की दारूची काजळी धरते, गोळी खाली सरकत नाही. म्हणून गोळीवरच्या कागदाला चरबी नि मेण फासायचं. गाडीच्या आसाला घालतो तसलं वंगणच ते. अन् काडतूस दातानं तोडून दारू ओतायची.

चरबी आमच्या आजापणजांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. मेलेलं ढोर ओढायचं काम महारवाड्याचंच होतं.

जानेवारी १८५७. कलकत्त्याजवळ डमडमला दारूगोळ्याच्या कोठारावरच्या एका खालच्या जातीच्या खलाशानं ब्राह्मण शिपायाकडं पाणी मागितलं. लोटा बाटेल म्हणून शिपायानं नाकारलं. मग खलाशानं सुनावलं, की गाई-डुकराची चरबी लवकरच तुझ्या दाताला लागणार आहे, तेव्हा जात कुठं राहील? २२ तारखेला कॅप्टन राइटनं हे वर कळवलं. खलाशाचं नाव नाही लिहिलं. मातादीन भंगी हे नाव उत्तरेतल्या दलितांच्या पुस्तिकांनी दिलं. सरकारी कागदानं विसरलेल्या माणसाला नाव देणं मला गैर वाटत नाही. फक्त कागदात ते आहे असं सांगू नये.

२७ जानेवारीला हुकूम सुटला: काडतुसं कोरडी द्या, शिपायांनी पसंतीचं वंगण स्वतः लावावं. चरबीवर पाच दिवसांत तोड निघाली. पाण्याचा हुकूम त्यात नव्हता. चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते २० मार्च १९२७ ला.