मॅट्रिकनंतरची वाट : कॉलेजप्रवेशाचा थोडा इतिहास

मॅट्रिक झालेल्या मुलाने कोणत्या कॉलेजात जावे, हा प्रश्न आपल्याकडे फार प्राचीन नाही. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व 1859 साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. पुढे ‘मॅट्रिक’ या नावाने घरोघर परिचित झालेली हीच ती परीक्षा. मुळात ती शाळा संपल्याची खूण नव्हती. ती विद्यापीठाच्या दाराची किल्ली होती. जो उत्तीर्ण झाला तो आत गेला. निवड करावयास कॉलेजे तरी कितीशी होती? मुंबईचे एल्फिन्स्टन, पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपास आलेले पुण्याचे पूना कॉलेज, आणि वैद्यकीसाठी ग्रँट मेडिकल. 1862 साली बी. ए. होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत रानडे, भांडारकर, वागळे व मोडक असे अवघे चौघे होते.

तेव्हा खरा प्रश्न कॉलेज कोणते हा नसून, तेथे राहावयाचे कोठे व जेवावयाचे कोठे, हा होता. पुण्यास आलेला गरीब ब्राह्मण मुलगा सात घरी सात वार लावून जेवत असे, किंवा माधुकरी मागून दिवस काढीत असे. ही सोय कष्टाची व प्रसंगी मानहानीची होती खरी. पण सोय होती. इतर ज्ञातींच्या मुलांस तीही नव्हती. बुद्धी असूनही आपल्यापैकी अनेकांची घराणी कॉलेजापर्यंत दोन पिढ्या उशिरा का पोहोचली, याचे एक कारण या पंगतीत आहे, असे माझे मत आहे.

हे मर्म शाहू छत्रपतींनी अचूक ओळखले. कोल्हापुरात राजाराम कॉलेज 1880 पासून चालू होते. परंतु खेड्यातील मुलगा त्याच्या वर्गात बसावा यासाठी आधी त्याच्या पानात भाकरी वाढली पाहिजे, हे जाणून महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी ज्ञातीज्ञातींची वसतिगृहे उभी राहिली आणि 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या शैक्षणिक कार्याचे मूळ पाहावयाचे तर ते या बोर्डिंगांत पाहावे. शिक्षणाचे इतिहासकार प्राचार्यांची चरित्रे लिहितात. बोर्डिंगाच्या आचाऱ्याचे चरित्र कोणी लिहीत नाही.

दुसरी गरज वाट दाखविणाऱ्या माणसाची. मुंबईच्या चर्नी रोड बागेत एक शाळकरी मुलगा नित्य वाचीत बसलेला कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या दृष्टीस पडला. केळुसकर हे शिक्षक व ग्रंथकार. तो मुलगा 1907 साली मॅट्रिक झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या सत्कारसभेत स्वलिखित बुद्धचरित्र त्यास भेट दिले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढील शिक्षणाचा खर्च वडिलांस झेपेना, तेव्हा त्यांनी स्वतः त्या मुलास सयाजीराव गायकवाडांपुढे नेऊन उभे केले आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. तो मुलगा भीमराव आंबेडकर होय. 1913 साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुसकरांची व त्यांची ज्ञाती एक नव्हती, हेही ज्ञातीच्या स्मरणिकेत नमूद करावयास हरकत नाही. सत्काराचा हार त्या सभेत पुष्कळांनी घातला असेल. राजवाड्यापर्यंत सोबत एकच गृहस्थ गेले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली व 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. तेथे ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने श्रमाच्या मोबदल्यात पदवी घेता येऊ लागली. कॉलेजच मुलाच्या जिल्ह्यात आले, हा मोठाच पालट होय. मुंबई प्रांतात मॅट्रिकची जागा पुढे एस. एस. सी. ने घेतली. 1959 साली ई. बी. सी. सवलत आल्यावर फीची अडचणही बरीच सरली.

अकरावीची एस. एस. सी., मग कॉलेजचे पहिले वर्ष, मग इंटर, असा तो क्रम होता. डॉक्टर की इंजिनिअर, हे इंटर सायन्सच्या गुणांवर ठरे. तोवर मुलगा अठरा वर्षांचा होई. 1975 पासून दहावीची शालान्त परीक्षा व तिच्यापुढे कनिष्ठ महाविद्यालय अशी रचना झाली. त्यामुळे शाखा निवडण्याचा प्रसंग पंधरा-सोळा वर्षांच्या पोरावर येऊन पडला. या फरकाचा विचार पालकवर्गाने पुरेसा केलेला दिसत नाही. शेजारच्या मुलाने सायन्स घेतले म्हणून आपल्यानेही घ्यावे, एवढ्यावर निर्णय होतात. 1983 नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजे निघाली. जागा वाढल्या, तसा खर्चही वाढला.

आता अर्ज कॉलेजच्या खिडकीवर भरावयाचा नाही. अकरावीचा केंद्रीय ऑनलाईन प्रवेश 2009 साली मुंबईत सुरू झाला व 2025 साली संपूर्ण राज्यास लागू झाला. यात पसंतीक्रम हीच परीक्षा आहे. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळूनही जो प्रवेश घेत नाही, तो पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होतो. म्हणून ज्या कॉलेजात खरोखर जावयाचे नाही, त्याचे नाव यादीच्या शिरोभागी केवळ लौकिकासाठी घालू नये.

राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमास जाणाऱ्यांस केवळ जातीचा दाखला पुरत नाही. जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वडील, आजोबा, पणजोबा यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंदीचा उतारा शोधावा लागतो. जुनी रजिस्टरे जीर्ण झालेली असतात, काही ठिकाणी शाळाच स्थलांतरित झालेली असते, आणि एका अक्षराच्या फरकाने प्रकरण महिनोन्‌महिने अडते. वार्षिक मेळाव्यात आपण गुणवंतांस पेढे व प्रशस्तिपत्रे देतो, ते योग्यच आहे. त्याच दिवशी मंडपाच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून, जाणत्या मंडळींनी अकरावी-बारावीच्या मुलांचे हे उतारे तपासून दिले व पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता कॉलेजमार्फत रवाना करविला, तर जूनमध्ये होणारी धावपळ पुष्कळ कमी होईल.