लैला, मजनू आणि बादशहाने दुरुस्त केलेली चूक

१/१२
इ.स. १६१८. मुघल बादशहा जहांगीर अहमदाबादेत मुक्कामाला होता आणि त्या शहराला पुरता विटला होता. हवा मानवेना, तापाची साथ पसरलेली. वैतागून त्याने शहराला ‘गर्दाबाद’ म्हणजे धुळीचे नगर, आणि पुढे ‘जहन्नुमाबाद’ अशी नावे ठेवली. महाराष्ट्राच्या इतिहासात हे वर्ष लक्षात राहते ते औरंगजेबाच्या जन्मामुळे. गुजरातेतच, दाहोद येथे, जहांगीरचा हा नातू जन्मला. पण त्या वर्षी बादशहाच्या आत्मचरित्रात आणखी एका जन्माची सविस्तर नोंद झाली. तो होता सारस पक्ष्याच्या पिलांचा.

२/१२
सारस हा क्रौंच कुळातील पक्षी. मान ताठ करून उभा राहिला की उंची सहा फुटांच्या आसपास भरते; उडू शकणाऱ्या पक्ष्यांत तो जगात सर्वांत उंच. जहांगीरने केलेले वर्णन आजच्या पक्षीनिरीक्षकालाही पटेल: डोक्यावर पिसे नाहीत, कवटीवर नुसती कातडी ताणलेली, डोळ्यांच्या मागून मानेवर सहा बोटांपर्यंत लाल रंग, बहुधा जोडीने राहणारा, क्वचित थव्याने दिसणारा.

३/१२
सुमारे महिन्याभराची असताना पिलांची एक जोडी बादशहाकडे आली होती. तिला नावे मिळाली लैला आणि मजनू. एके दिवशी एका खोजाने वर्दी दिली की, आपल्यासमोर या जोडीचे मीलन झाले. बादशहाने हुकूम सोडला: पुन्हा तशी चिन्हे दिसताच मला कळवा. पुढे एका पहाटे निरोप आला आणि हिंदुस्थानचा सम्राट लगबगीने पक्षी पाहायला गेला. मादी कशी वाकली, नराने आधी कोणता पाय टेकवला, खाली उतरल्यावर तिच्याभोवती कशी फेरी घातली, हे सारे त्याने क्रमाने लिहून ठेवले.

४/१२
काही महिन्यांनी मादीने पहिले अंडे घातले. दुसरे ४८ तासांनी. उबवणीचा काळ त्याने ३४ दिवसांचा नोंदवला. रात्रभर मादी अंड्यांवर बसे आणि नर शेजारी उभा राहून पहारा देई. उजाडले की नर जवळ येऊन चोचीने तिची पाठ खाजवी. ती उठे आणि तो तिच्या जागी बसे.

५/१२
या नोंदी आधुनिक निरीक्षणांशी ताडून पाहता येतात. सारसाची मादी साधारणपणे दोन अंडी घालते आणि दोन अंड्यांमध्ये सुमारे दोन दिवसांचे अंतर असते. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने उबवतात आणि साधारण महिन्याभरात पिले बाहेर येतात. दुर्बीण नाही, पक्षीशास्त्राचे पुस्तक हाताशी नाही, तरी चार शतकांपूर्वीच्या या नोंदी आजच्या माहितीशी जुळतात.

६/१२
मात्र या प्रकरणातील सर्वांत मोलाचा भाग आहे बादशहाची चूक. पिले बाहेर आल्यावर नर आपल्या चोचीत पिलाचा पाय धरून त्याला उलटे लटकवताना दिसला. जहांगीरला वाटले, हे वैर आहे. बाप पिलांना मारून टाकील. त्याने नराला पिलांपासून वेगळे ठेवण्याचा हुकूम दिला. दरबारी इतिहासात ही गोष्ट एवढ्यावरच संपली असती. बादशहाच्या निवाड्यावर शंका कोण घेणार?

७/१२
शंका बादशहानेच घेतली. नराच्या मनात वैर आहे की माया, याची परीक्षा करावी म्हणून त्याने नराला पुन्हा पिलांजवळ सोडायला सांगितले आणि काय घडते ते पाहिले. नराची माया मादीपेक्षा तसूभरही कमी नव्हती. आपला पहिला तर्क चुकला होता, हे जहांगीरने स्वतःच्या ग्रंथात स्वच्छ लिहून ठेवले. तर्क, परीक्षा, दुरुस्ती: विज्ञानाची पद्धत याहून फार वेगळी नसते.

८/१२
इतिहासाच्या अभ्यासकासाठी येथे आणखी एक धडा आहे. जोडीदार मेल्यावर त्याच्या हाडांपाशी झुरत बसलेल्या एका सारसाची कथाही जहांगीर देतो. पण ती आपल्याला एका सरदाराने सांगितली, असे नमूद करतो. ऐकलेले आणि पाहिलेले यांची तो सरमिसळ करत नाही. वाल्मीकींच्या शोकाला कारण झालेला क्रौंच म्हणजे सारसच, असे काही अभ्यासक मानतात. त्यामुळे अशा कथेवर भारतीय मन चटकन विश्वास ठेवते. प्रत्यक्षात सारसाची जोडी दीर्घकाळ टिकते, पण ती अतूटच असते असे नाही.

९/१२
या निरीक्षणाला मर्यादाही होत्या. लैला आणि मजनू पाळीव होते. रानातला सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात गवत, बोरू आणि पाणवनस्पती रचून मोठे घरटे करतो. भोवतीचे पाणी हाच त्याचा खंदक. नर आणि मादी मान उंचावून एका सुरात साद घालतात, तेव्हा आपल्या हद्दीची ग्वाहीच देत असतात. ही पाणथळ अधिवासातील जीवनकहाणी बादशाही बागेत उलगडणे शक्य नव्हते.

१०/१२
शिवाय हाच निरीक्षक अट्टल शिकारी होता. राज्यारोहणानंतर काही वर्षांनी त्याने आपल्या शिकारीचा हिशेब करवला. त्याने स्वहस्ते मारलेल्या जनावरांची संख्या निघाली १७,१६७. त्यांत पक्षीच १३,९६४. पिलांच्या जिवासाठी कासावीस होणारा आणि हजारो पक्षी टिपणारा माणूस एकच. त्याला केवळ ‘निसर्गप्रेमी’ म्हणणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही.

११/१२
युरोपात कार्ल लिनियसने १७५८ मध्ये सारसाला ‘अँटिगोनी’ हे शास्त्रीय नाव दिले, म्हणजे जहांगीरच्या नोंदींनंतर १४० वर्षांनी. या फारसी नोंदींचे निसर्गशास्त्रीय मोल पुढे ज्यांनी जाणले, त्यांत डॉ. सालिम अली होते. १९२० च्या दशकात मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात त्यांनी मुघल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली. दरबारी बखर विज्ञानाचे साधन ठरू शकते, हे त्यातून दिसले.

१२/१२
अहमदाबादेजवळच्या खेडा जिल्ह्यात भातशेतीच्या आधाराने सारस आजही टिकून आहे. महाराष्ट्रात मात्र तो मुख्यत्वे गोंदिया आणि भंडारा परिसरातील तळी व धानाच्या बांध्यांपुरता उरला आहे, तोही अगदी मोजक्या संख्येने. तेथे सारस कधी कधी उभ्या धानात घरटे करतो आणि त्यासाठी रोपे उपटतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते नुकसानच. ते घरटे मोडायचे की ३४ दिवस थांबायचे, हा निर्णय आता बादशहाच्या नव्हे, त्या शेतकऱ्याच्या हाती आहे. गोंदियात शेतकरी आणि स्वयंसेवक मिळून अशी घरटी राखतात. जहांगीरने पुन्हा एकदा पाहिले म्हणून मजनूची पिले त्याला परत मिळाली. सारसाचे महाराष्ट्रातील भवितव्यही असेच कुणीतरी थांबून पाहण्यावर अवलंबून आहे.