साउथडेल सेंटर

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिस शहरालगतच्या इडायना या उपनगरातील मॉल. उद्‌घाटन ८ ऑक्टोबर १९५६. पूर्णपणे बंदिस्त व वातानुकूलित उपनगरी मॉलचा हा पहिला नमुना मानला जातो. वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन (१९०३–८०) मूळचे व्हिएन्नाचे. नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये ते अमेरिकेत आले.

मॉल उभारला तो डेटन कुटुंबाने. मिनिआपोलिसच्या मुख्य पेठेतले, निकोलेट रस्त्यावरचे ‘डेटन्स’ हे बहुमजली दुकान याच कुटुंबाचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी घेऊन उपनगरांत राहायला गेलेल्या गिऱ्हाइकांच्या मागोमाग पेठेतला मातबर व्यापारीच बाहेर पडला, ही या घटनेतली सर्वांत महत्त्वाची बाब. निकोलेटवरचा त्यांचा प्रतिस्पर्धी ‘डोनाल्डसन्स’ हाही त्याच छपराखाली आला. बाहेर हाडे गोठवणारा हिवाळा. आत बारमाही सुमारे २४° से. तापमान, ७२ दुकाने, मधल्या चौकात झाडे आणि रंगीबेरंगी पक्ष्यांचा उंच पिंजरा. शिवाय ५,००० हून अधिक मोटारींसाठी फुकट वाहनतळ. बर्फातून निकोलेटला जाऊन गाडीला जागा शोधण्याची गरजच अनेक कुटुंबांना उरली नाही.

शहर हातावर हात ठेवून बसले नाही. १९६२ पासून इमारतींना रस्त्याच्या वरून जोडणारे काचबंद पूल (स्कायवे) बांधले जाऊ लागले. १९६७ मध्ये लॉरेन्स हॅल्प्रिन यांच्या आराखड्यानुसार निकोलेट रस्ता खाजगी मोटारींना बंद करून पादचारी व बस यांच्यासाठी राखला गेला. स्कायवेमुळे थंडीचा प्रश्न सुटला, पण पायी फिरणारे गिऱ्हाईक वरच्या वर जाऊ लागले आणि रस्त्यालगतच्या दुकानांपुढची वर्दळ रोडावली. मॉलशी झुंजताना पेठेने मॉलचेच रूप घेतले आणि त्याची किंमत रस्त्याने मोजली. मूळ डेटन्सची वास्तू पुढे ‘मेसीज’च्या नावाने चालली व २०१७ मध्ये दुकान म्हणून बंद झाली.

ग्रुएन यांना मॉलभोवती घरे, शाळा, दवाखाने, उद्यान व तळे असलेली वस्ती हवी होती. प्रत्यक्षात तो आराखडा तसा उतरला नाही. अशा मॉलांचे पितृत्व त्यांनी १९७८ मध्ये जाहीरपणे झिडकारले. साउथडेल आजही चालू असून, २०१० नंतरच्या दशकात त्याच्या वाहनतळाच्या एका कोपऱ्यावर निवासी इमारती बांधण्यात आल्या.