बॉस्टनचं गायरान

* बॉस्टन कॉमन : भर शहरातली ही सुमारे ५० एकरांची मोकळी जागा कुणा नगररचनाकाराने आखलेली नाही. ते गावाचं गायरान होतं. १६३४ मध्ये वसाहतकऱ्यांनी घरटी वर्गणी काढून ते जमीनमालक विल्यम ब्लॅकस्टनकडून विकत घेतलं. चारा पुरावा म्हणून १६४६ मध्ये गायींची संख्या ७० वर रोखली गेली. सामाईक मालकीची ही सवय फार मोलाची ठरली : १८२२ च्या नगर-सनदेने कॉमन विकायला किंवा भाड्याने द्यायला पालिकेला मनाईच केली. चराई थांबली ती त्यानंतर, १८३० मध्ये.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या टाउन मूर या गायरानावर तर गुरं आजही चरतात. तिथला चराईचा हक्क १७७४ च्या कायद्याने पक्का झाला आहे.