अधिकार नोंदवायचा कुठे?

'वर्ग' आणि 'वस्तू' या कल्पना संगणकाच्या भाषांत आल्या नॉर्वेतून. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांच्या १९६७ च्या 'सिम्युला ६७' मध्ये वर्ग म्हणजे साचा आणि वस्तू म्हणजे त्यातून घडलेला एकेक नग. पुढे १९८८ मध्ये फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही संगणकावरून गप्पा मारण्याची पद्धत रचली.

तिच्यासाठी आज्ञावली लिहिताना आपण 'व्यक्ती' आणि 'दालन' हे दोन वर्ग करू. समजा, जळगाव आणि धुळे अशी दोन दालने आहेत. चालकाचा अधिकार व्यक्तीत नोंदवला, तर जळगावचा चालक धुळ्यातही चालकच दिसेल. (आठवीचे वर्गशिक्षक दहावीवर नुसते गणितही शिकवतात, हे आपण जाणतोच!) आयआरसीत चालकाची @ ही खूण त्या-त्या दालनाच्या नामावलीत नावाआधी येते. म्हणून 'सदस्यत्व' हा तिसरा वर्ग हवा; अधिकार त्यात राहील. जळगावचे दालन सोडले, की तेवढी एक वस्तू पुसायची. व्यक्ती धुळ्यात बोलत राहते.