हवा-अंतर्ग्रहण, मोटारगाडीचे : इंधनबचतीच्या दाव्याचा इतिहास

मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन-एंजिनास ज्वलनासाठी लागणारी हवा ज्या वाटेने आत ओढली जाते, त्या वाटेस हवा-अंतर्ग्रहण मार्ग म्हणतात. हवा घेणारी नळी, धूळ अडविणारा हवा-निस्यंदक अथवा एअर फिल्टर, पेट्रोल एंजिनात हवेचे प्रमाण कमीजास्त करणारी थ्रॉटल झडप आणि सिलिंडरांकडे हवा वाटून देणारी बहुशाखी नळी हे त्याचे मुख्य भाग होत. एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. ११ किग्रॅ., म्हणजे आकारमानाने सु. ९,००० लिटर हवा लागते. हवेची गरज एवढी मोठी असल्यामुळे तिची वाट मोकळी केली की इंधन वाचेल, असा समज सहज निर्माण होतो. कमी रोधाचे निस्यंदक व रुंद नळ्या गाडीच्या मूळ भागांऐवजी बसविण्यासाठी विकल्या जातात, त्यांमागे हाच समज असतो. या समजाचा एकेकाळी काही आधार होता. पुढे एंजिन बदलले, परंतु समज तसाच राहिला.

रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोकण रेल्वे येईपर्यंत (संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला) जिल्ह्यात लोहमार्ग नव्हता. बंदरांतून चालणारी वाहतूक वगळता माणसे आणि माल यांची ने-आण मोटारीनेच होत असे. देशावर जाण्यासाठी आंबा, कुंभार्ली यांसारखे घाट चढावे लागतात. जांभ्या दगडाच्या खाणींजवळून आणि कच्च्या रस्त्यांवरून उडणारी बारीक तांबडी धूळ उन्हाळ्यात गाडीच्या प्रत्येक फटीत शिरते, तर पावसाळ्यात हवेच्या वाटेस धोका पाण्याचा असतो.

आरंभीच्या मोटारींना हवा-निस्यंदक बहुधा नसे. धुळीमुळे दट्ट्याची कडी व सिलिंडरचे अस्तर लवकर झिजतात, हे लक्षात आल्यावर १९२० नंतरच्या दशकात त्याचा प्रसार झाला. तेलपात्र निस्यंदकात आत येणारी हवा तेलाच्या पृष्ठभागावरून वळविली जाई व धूळ तेलात राही. दुसऱ्या महायुद्धातील जीपगाड्यांना असे निस्यंदक होते आणि युद्धानंतर त्या गाड्यांबरोबर ते भारतातही परिचित झाले. पुढे घड्यांच्या कागदाचे निस्यंदक आले. युद्धकाळात पेट्रोलचे नियंत्रण असताना मुंबई इलाख्यासह देशभर लोणारी कोळशापासून मिळणाऱ्या वायूवर बसगाड्या चालविण्यात आल्या. या वायूबरोबर राख व डांबरी पदार्थ येत, त्यामुळे तो गाळून घेणे अपरिहार्य होते. गाळण्यात कसूर झाल्यास पेट्रोल वाचे, पण एंजिन जाई.

कारब्युरेटरच्या काळात निस्यंदकाचा इंधनखर्चाशी खरा संबंध होता. कारब्युरेटरमध्ये पेट्रोल ओढले जाते ते हवेच्या दाबातील फरकामुळे. निस्यंदक चोंदला की, विशेषतः तबकडीवरील दाबाचे संतुलन नीट नसलेल्या रचनेत, हवेच्या मानाने पेट्रोल अधिक येई आणि मिश्रण समृद्ध होई. उंचीवर हवा विरळ झाल्यानेही असाच परिणाम होतो. समुद्रकाठी नीट जुळविलेली गाडी महाबळेश्वरासारख्या सु. १,३७० मी. उंचीच्या ठिकाणी काळा धूर सोडू लागे. अशा गाडीचा निस्यंदक स्वच्छ केला म्हणजे दर लिटरमागे अंतर, म्हणजेच बोलीभाषेतील ‘ॲव्हरेज’, वाढल्याचा चालकाचा अनुभव खोटा नव्हता. मात्र तो लाभ चोंदलेला निस्यंदक बदलल्याचा होता. स्वच्छ निस्यंदकाच्या जागी अधिक मोकळा निस्यंदक बसविल्याचा नव्हे. या दोहोंतील फरक जाहिरातींनी सहसा स्पष्ट केला नाही.

ऑक्टोबर १९७३ नंतर खनिज तेलाच्या किंमती काही महिन्यांत सु. चौपट झाल्या आणि इंधन वाचविणाऱ्या साधनांचा जगभर सुळसुळाट झाला. कारब्युरेटरच्या खाली जादा हवा सोडणारी लहान झडप हे त्यांतील एक आवडते साधन होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर साधने तपासली. बहुसंख्य साधनांमुळे बचत आढळली नाही, थोड्यांमुळे अल्प बचत झाली आणि काहींमुळे दूषित वायूंचे प्रमाण वाढले. भारतात पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था १९७८ मध्ये स्थापन झाली. टायरमधील योग्य दाब, वेळेवर देखभाल व संयमित वेग यांवर तिच्या प्रचाराचा भर राहिला.

पुढील टप्प्यात प्रश्नाचे स्वरूपच पालटले. यूरोप-अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात ऑक्सिजन संवेदक व इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपण आले. भारतात २००० पासून लागू झालेल्या उत्सर्जन मानकांमुळे मोटारींतील कारब्युरेटर मागे पडला. आता हवा मोजून तिच्या प्रमाणात (वजनाने सु. १४·७ भाग हवेस १ भाग पेट्रोल) इंधन दिले जाते. हवा वाढली, तर इंधनही वाढते. सपाट रस्त्यावर जाताना थ्रॉटल बरीचशी मिटलेली असते आणि तिच्यापुढे स्वच्छ निस्यंदकाचा रोध नगण्य ठरतो. तो आणखी कमी केल्यास चालकाचा पाय पेडलवर किंचित हलका पडतो, थ्रॉटल तेवढीच अधिक मिटते व एकूण रोध होता तेवढाच राहतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत अंतःक्षेपणाच्या पेट्रोल गाड्यांचे निस्यंदक मुद्दाम चोंदवूनही इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही. गती घेण्यास मात्र अधिक वेळ लागला. जुन्या कारब्युरेटरच्या गाडीत काही टक्क्यांचा फरक दिसला. थंड हवेच्या नळीचेही असेच आहे. थंड हवा घन असल्याने पूर्ण थ्रॉटलवर शक्ती थोडी वाढते, परंतु शर्यतीतील हा लाभ बाजारहाटाच्या गाडीस क्वचितच उपयोगी पडतो.

डीझेल एंजिनास मुळात पेट्रोल एंजिनासारखे थ्रॉटलचे नियंत्रण नसते. चिरे भरलेला ट्रक पूर्ण भाराने आंबा घाट चढत असताना निस्यंदक तांबड्या धुळीने भरलेला असेल, तर हवा अपुरी पडते, काळा धूर येतो आणि डीझेल वाया जाते. तेथे निस्यंदकाची निगा ही खरी इंधनबचत आहे. रोध कमी करण्यासाठी विरळ जाळीचा निस्यंदक वापरल्यास मात्र धूळ आत जाते. जांभ्याच्या धुळीत लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे आणि कित्येकदा गारेचे कण असतात. गारेचा कण सिलिंडरच्या अस्तरावर ओरखडे पाडतो. झिजलेले एंजिन तेल जाळते व दाब धरीत नाही, त्यामुळे वाचलेले म्हणून मोजलेले इंधन पुढे दामदुपटीने द्यावे लागते. तेल लावलेल्या सुती निस्यंदकास प्रमाणाबाहेर तेल दिल्यास ते हवामापकाच्या तप्त तारेवर बसून मोजमाप चुकण्याचाही संभव असतो.

थंड हवा मिळावी म्हणून नळीचे तोंड पुढील बंपरामागे खाली आणण्याची पद्धत कोकणात विशेष जोखमीची आहे. जुलै २००५ व जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुराखाली गेले होते. एवढा पूर नसतानाही पावसाळ्यात मोऱ्यांवरून व सखल रस्त्यांवरून पाणी वाहते. चालू एंजिनाने अशा ठिकाणी पाणी ओढल्यास ते वायूप्रमाणे दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या त्यावर अडतो आणि संयोगदांडा वाकतो.