गिरणगावची कलाशाळा : पाळी, खोली आणि वर्गणी

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास लिहिताना चात्या किती, माग किती आणि संप किती, यांची मोजदाद पुष्कळ झाली आहे. परंतु ज्या गिरणगावाने आपल्या वाडवडिलांना भाकर दिली, त्याच गिरणगावाने त्यांना गाणे, वाजविणे आणि चार लोकांसमोर उभे राहून बोलणेही शिकविले, याची नोंद त्या मानाने फारच थोडी आहे. हे शिक्षण कोणत्या शाळेत मिळाले? ते कोणी दिले? आणि गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर त्याचे काय झाले? या तीन प्रश्नांचा विचार ज्ञातिबंधु-भगिनींपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, शिवडी, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची रांगच उभी राहिली आणि त्यांच्याभोवती कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांच्या चाळी वसल्या. पुरुषमाणूस एकटा मुंबईस येई. कुटुंब गावी राही. एकेका गावाने व एकेका ज्ञातीने वर्गणी काढून खोली घ्यावी, एका पाळीचा माणूस उठून कामावर गेला की दुसऱ्या पाळीच्या माणसाने त्याच जागेवर अंग टाकावे, अशी ती राहणी होती.

हीच खोली गिरणगावची कलाशाळा झाली. सणासुदीला व सुटीच्या आदल्या रात्री खोलीत भजन उभे राही. बुवा हा कोणी पगारी शिक्षक नव्हे. तोही दिवसभर सांच्यावर उभा राहिलेला कामगारच असे. नव्या पोराच्या हाती प्रथम टाळ येई; ताल अंगी मुरला की त्याने मागे धरावयाचे; आणि वर्ष-दोन वर्षांनी, बुवांची मर्जी झाली म्हणजे, एखादे पद स्वतंत्रपणे म्हणावयाचे. पदांची वही हाताने उतरून घ्यावी लागे. पेटी व पखवाज मंडळाच्या वर्गणीतून येत. डबलबारीची भजने, शक्ती-तुऱ्याचे सामने, नमन, दशावतार हे सारे याच रीतीने एका पिढीकडून दुसरीकडे गेले. फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. मात्र शिस्त कडक होती.

या परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गिरण्यांत जातिभेद नव्हता असे नाही. मागखात्यात धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना त्या अधिक पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे मांडला. खोल्याही ज्ञातीज्ञातीच्या वेगळ्या होत्या. परंतु डफावर थाप पडली की ही कुंपणे सैल होत. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावच्या मातंग कुटुंबातील अण्णाभाऊंनी तमाशाचे पहिले धडे आपल्याच नात्यातील बापू साठे यांच्या फडात गिरविले होते. बार्शीचे अमर शेख जन्माने मुसलमान. या मंडळींचे पोवाडे ऐकावयास बसलेल्या कामगाराने शाहिराची जात विचारली नाही. ज्ञातीच्या खोलीत उगवलेली विद्या ज्ञातीपुरती राहिली नाही, हीच तिची थोरवी होय.

ही शाळा तीन आधारांवर उभी होती. पाळीमुळे सर्वांना एक ठराविक वेळ मिळे. खोलीमुळे चालत पोहोचता येईल अशी जागा मिळे. वर्गणीमुळे वाद्ये येत आणि बुवांचा मान राहत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि यांपैकी पहिले दोन आधार हळूहळू निखळले. कित्येक कामगार गावी परतले ते पुन्हा आलेच नाहीत. १९९१ नंतर गिरण्यांच्या जमिनी विकसित होऊ लागल्या. चिमण्यांच्या जागी मनोरे आले. कुटुंबे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे पांगली. बुवा एका टोकाला, शिष्य दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये दीड तासाची लोकल, अशी स्थिती झाली.

तथापि जेथे गुरूने आपली जागा सोडली नाही, तेथे कलाही टिकली. पसरणीचे शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या पथकात संपानंतरच्या पडत्या काळात लालबाग-परळच्या चाळींत वाढलेले भरत जाधव व अंकुश चौधरी हे तरुण तयार झाले आणि १९९३ साली ‘ऑल द बेस्ट’ या नाटकाने ते घरोघरी पोहोचले. याच परिसरात वाढलेल्या जयंत पवार यांनी ‘अधांतर’ या नाटकात संपाने मोडलेल्या घराचे दुःख रंगभूमीवर आणले. परळचे मूर्तिकार विजय खातू २०१७ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या कन्या रेश्मा यांनी कार्यशाळेची धुरा खांद्यावर घेतली. गिरणी गेली म्हणून कला जातेच असे नाही; शिकविणारा व शिकणारा यांची गाठ तुटली म्हणजे मात्र ती जाते.

यातून आपण बोध काय घ्यावा? पाळी गेली आणि खोल्याही बहुतेक गेल्या. तिसरा आधार, म्हणजे वर्गणी, तो मात्र आजही मंडळांच्या हाती आहे. परीक्षेत अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांचा सत्कार आपण दरवर्षी करतो, ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या वह्यांत शेकडो पदे आहेत आणि ज्यांच्यापुढे बसावयास एकही शिष्य नाही, अशा वृद्ध बुवांसाठी आपल्या जमाखर्चात एखादी ओळ असावी की नाही? आठवड्यातून एक ठरलेली वेळ, उपनगरातील एखाद्या सदस्याच्या घरची बैठक, बुवांचा प्रवासखर्च आणि एक पेटी, एवढ्यावर ही शाळा पुन्हा भरू शकते. पूर्वी पुरुषांच्या त्या खोलीत मुलींना प्रवेश नव्हता. आता त्यांनी प्रथम यावे. आणि दाराशी शेजारचा, परज्ञातीचा मुलगा टाळ मागत उभा राहिला, तर त्यालाही आत घ्यावे.

वडिलांची वही पुष्कळांच्या घरी कपाटात असेल. ती वाचून दाखविणारा माणूस हयात आहे तोवर ती उघडावी, ही सर्व सभासद कुटुंबांस नम्र विनंती.